एका दिवसाची ऊब

अक्का, काल तुझं तेरावं झालं. केदारखेड्याहून निघताना तुझ्या सुनीतानं माझ्या हातात तुझा तो अ‍ॅल्युमिनियमचा डबा ठेवला. झाकणाची सुतळीसुद्धा तीच, तुझ्या गाठीची. डबा देताना तुझी लेक सहज काहीतरी बोलून गेली. ते ऐकून मी अंगणातच बसून राहिले आणि जालन्याची गाडी निघून गेली. ती काय बोलली ते लिहीनच. पण आधी मला तुझ्याशी बोलायचं आहे. याच डब्यावरून मी तुझ्याशी खोटं बोलले होते. कधीतरी खरं सांगू, असं म्हणत मी इतकी वर्षं काढली, आणि तू मध्येच निघून गेलीस.

माझा तुझ्यावर राग आहे हेही सांगून टाकते. माझा राग नाकावर असतो, हे तुझंच म्हणणं. माणसानं जायच्या आधी निदान एकदा समोर बसावं की नाही? तू मात्र कुणाच्या घरून उठून यावं तशी उठून गेलीस.

आपण दोघी कुंभार पिंपळगावच्या, एका आईच्या, आणि आपल्यात नऊ वर्षांचं अंतर. तू सातवी पास झालीस तेव्हा मी चार वर्षांची होते. आठवीचा वर्ग गावातच होता. अडचण शाळेची नव्हती, माझी होती. आई रानात जायची आणि मला सांभाळायला घरात दुसरं कुणी नव्हतं. आबांनी तुझं दप्तर खुंटीला अडकवलं ते तिथंच राहिलं. आई सांगायची, की तू मला कडेवर घेऊन आठवीच्या वर्गाच्या खिडकीखाली सावलीला बसायचीस. मी रडायला लागले की तोंडात गुळाचा खडा द्यायचीस, म्हणजे आतलं ऐकू यावं. मला त्यातला फक्त गूळ आठवतो.

अक्षरं मला तू शिकवलीस. चुलीतला विझलेला कोळसा घ्यायचा आणि शहाबादी फरशीवर गिरवायचं. तुझा ‘श’ इतका देखणा असायचा, की मी माझं नाव तुझ्याकडूनच लिहून घ्यायचे. एक्क्याऐंशी साली तुझं लग्न झालं आणि तू केदारखेड्याला गेलीस. तुला घेऊन गाडी निघाली तेव्हा मी कोळसा हातात घेऊन गाडीमागे पळाले होते म्हणे. कशाला, ते मलाही सांगता येणार नाही.

पुढे मी अंबडला शिकले, मग औरंगाबादला. प्राणिशास्त्र घेतलं तेव्हा आबा म्हणाले, ‘‘जनावरं घरी कमी हायेत का?’’ तू एकटीच म्हणालीस, ‘‘शिकू द्या तिला.’’ मी संशोधन करायला लागले तेव्हा तुझ्या पदरात दोन लेकरं होती, घरात सासू होती आणि सासूच्या पंधरा-वीस कोंबड्या होत्या. सासूबाई थकल्यावर त्या कोंबड्या तुझ्या झाल्या. तू माळ घातलेली, अंडं कधी तोंडात घातलं नाहीस. पण प्रत्येक कोंबडीला तू नाव ठेवलं होतंस. तांबडी, कवडी, लंगडी, आणि ती भांडकुदळ, जिला तू माझंच नाव दिलं होतंस.

मला तुझी अंडी हवी होती. पोल्ट्रीत कोंबडा नसतो, त्यामुळे तिथल्या अंड्यातून काही निघत नाही. मला जिवंत, गावरान अंडी लागत होती. ते मागायला मी आले तो दिवस मला लख्ख आठवतो. तू भाकरी थापत होतीस.

‘‘किती लागतील?’’

‘‘आठवड्याला डझनभर.’’

‘‘येवढ्याचं काय करती?’’

‘‘मेंदू कसा तयार होतो ते बघायचंय.’’

‘‘कोंबडीचा?’’ पिठाचा हात तोंडावर धरून तू हसायला लागलीस. ‘‘कोंबडीला कुठला आलाय मेंदू, माय! धा बार हाकलली तरी परत त्याच दाण्यात येती.’’

मग मी तुला समजावलं. परीक्षेतसुद्धा मी इतकं मन लावून कधी सांगितलं नव्हतं. अंड्यात आधी मेंदू नसतोच. काही मूळपेशी असतात, आणि त्यांच्यापासून झालेल्या, अजून काय व्हायचं ते न ठरलेल्या पेशी. आजूबाजूला काही रसायनं सुटतात, त्यांना वाढीचे घटक म्हणतात. ते या पेशींना सांगतात, की आता वाढ, आता थांब, आता तिकडे सरक. पण पेशीला ते कळायचं तर तिच्या अंगावर ग्राही नावाची गोष्ट असावी लागते. ती नसेल तर कितीही घटक ओता, पेशी ढिम्म.

तू तव्यावरची भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, ‘‘म्हंजे रानातून हाळी देऊन राह्यलंय कुणी, पण पोराला अजून कानच फुटले न्हाईत.’’

अक्का, नंतर मी कितीतरी वर्गांवर हा विषय शिकवला. दरवेळी हाळी आणि कान असंच सांगितलं. पोरांना चटकन कळतं. ते तुझं आहे, हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही.

त्याच दिवशी तू विचारलंस, ‘‘मंग पिल्लांचं काय करता?’’

खरं उत्तर असं होतं, की पिल्लं होतच नाहीत. दोन दिवस यंत्रात उबवलेल्या अंड्याला नखाएवढी खिडकी पाडायची, घटकात भिजवलेला खसखशीएवढा मणी त्या इवल्या मेंदूच्या कडेला ठेवायचा, खिडकीवर चिकटपट्टी लावून अंडं परत उबवणी यंत्रात ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी सगळं बाहेर काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. तिथं गोष्ट संपते. तुझ्या गळ्यातल्या माळेकडे बघून माझी जीभ वळेना.

‘‘यंत्रात उबवतो. पिल्लं निघाली की लोकांना पाळायला देतो,’’ मी म्हणाले.

‘‘हे बराबर,’’ तू म्हणालीस आणि पहिली भाकरी माझ्या ताटात वाढलीस.

मग आपली ती वर्षभराची ये-जा सुरू झाली. डब्यात तळाला सरकी, सरकीत अंडी, वर पुन्हा सरकी. सरकी तू आधी उन्हात तापवून घ्यायचीस. प्रत्येक अंड्यावर कोळशानं कोंबडीचं नाव. डबा ड्रायव्हरच्या सीटमागे ठेवायचा, तो जालन्याला औरंगाबादच्या गाडीत बदलला जायचा, आणि स्टँडवर मी उभी असायचे. दाजी जालन्याकडे निघाले असले तर ते स्वतः घेऊन यायचे. एकदाही अंडं फुटलं नाही. प्रयोगशाळेच्या रजिस्टरमध्ये बाकीच्यांचे नमुने आकड्यांत असायचे, माझे ‘तांबडी तीन’, ‘कवडी एक’ असे. माझे मार्गदर्शक सर वैतागायचे, पण हसायचेही.

डब्यात तुझी चिठ्ठी असायची. ‘तांबडीची पाच, कवडीची सात. लंगडी खुडूक हाय. मागच्या बारची किती निघाली? पिल्लांना ज्वारीच्या बारीक कन्या घालत जा.’ रिकामा डबा परत पाठवताना मी उत्तर लिहायचे, ‘तांबडीची चार निघाली, कवडीची पाच.’ एकदा तर मी लिहिलं, की एक पिल्लू अगदी कवडीच्याच रंगाचं आहे. खोटं बोलायची मला चटकच लागली होती. चिठ्ठी लिहिताना ती पिल्लं मला दिसायचीसुद्धा.

काम पुढे सरकलं तसा एक घोळ समोर आला. तुझ्या अंड्यांशी ताडून बघायला मी अंबडच्या बाजारातूनही अंडी आणायचे. तीच गावरान जात, तेच यंत्र, तेच दोन दिवस, तोच मणी. तुझ्या अंड्यांत मण्याजवळच्या पेशी भराभर वाढायच्या, सरकायच्या. अंबडच्या अंड्यांत काहीही व्हायचं नाही. महिनोन्‌महिने असंच. तुझ्या अंड्यांतली वाढ मुळातच जरा पुढे असायची. मी नवखी. म्हटलं, अक्काच्या कोंबड्यांचं खाणंपिणं चांगलं, म्हणून असेल.

सर म्हणाले, ‘‘केदारखेड्याची कोंबडी जात्याच हुशार, असं लिहायचं का प्रबंधात?’’ मग गंभीर होऊन म्हणाले, ‘‘बहिणीला विचार. कुणी उबवायला बसलेल्या खुडूक कोंबडीखालून अंडी उचलून देत नाही ना?’’

मला राग आला. माझी बहीण असं करायची नाही, असं मी ठणकावून सांगितलं. आणि तरीही, न कळवता, पहिल्या गाडीनं तुझ्याकडे आले.

तू परसात होतीस. डालग्याखाली लंगडी बसली होती, पंख पसरून, डोळे अर्धे मिटून. तिच्या पोटाखाली अंडी होती आणि त्यांच्यावर तुझ्या अक्षरात कोळशाची नावं होती. उद्या माझ्याकडे यायची होती ती अंडी.

‘‘हे काय?’’

‘‘उद्या गाडीत घालायची हायेत. म्हणून आजच्या दिवस बसवली हिच्याखाली.’’ तुला माझ्या चेहऱ्याचा अर्थ कळला नव्हता. ‘‘गारठतेत गं रस्त्यानं. अंगात जराशी ऊब असली म्हंजे तेवढा रस्ता निभतो.’’

‘‘कधीपासून करतेस हे?’’

‘‘दुसऱ्या डब्यापासूनच. जी खुडूक असंल तिच्याखाली.’’

म्हणजे ज्यांना मी दोन दिवसांची समजत होते ती जवळजवळ सगळी तीन दिवसांची होती. अक्का, त्या वेळी मला तू दिसली नाहीस, फक्त रजिस्टरची पानं दिसली. मी ओरडले. शेजारची माणसं बाहेर आली इतकी ओरडले. ‘‘माझं वर्ष मातीत घातलंस तू! सातवी शिकलेल्या बाईनं यात डोकं घालावंच कशाला?’’

सातवी. हे मी तुला म्हणाले. तुझ्या कडेवर बसून जिनं तुझी आठवी खाल्ली, तीच मी.

तू खाली वाकलीस. लंगडीला दोन्ही हातांनी अलगद उचललंस, बाजूला ठेवलंस, एकेक अंडं पदराच्या टोकानं पुसलंस. ‘‘बरं. इथून पुढं गार पाठवीन,’’ म्हणालीस. मग मला जेवायला वाढलंस. मी जेवलेसुद्धा.

त्यानंतरची अंडी गार आली, वेळेवर आली, त्यांच्यावर नावं होती. डब्यात चिठ्ठी मात्र आली नाही. मी दोन-तीनदा शोधली. एकदा सरकीसुद्धा चाळून बघितली.

रजिस्टर फाडायलाच मी निघाले होते. सरांनी ते हातातून काढून घेतलं आणि म्हणाले, ‘‘चूक कळली ना? मग आता हा गोंधळ राहिला नाही. दोन दिवसांचा मेंदू ऐकत नाही आणि तीन दिवसांचा ऐकतो, असं दिसतंय. का?’’ मग मला तुझं बोलणं आठवलं. हाळी तीच होती. कान मधल्या काळात फुटत होते.

मग आम्ही मुद्दामच तसं केलं. एक दिवसाची, दोन दिवसांची, तीन दिवसांची, सगळी तुझी गार अंडी, सगळी आमच्या यंत्रात मोजून उबवलेली. पुढे पुण्याला जाऊन त्या पेशींना असा रंग लावला, जो फक्त ग्राहीलाच चिकटतो. दोन दिवसांच्या पेशी कोऱ्या. तिसऱ्या दिवसाच्या पेशींच्या कडेनं तपकिरी ठिपके. मी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला आणि पहिला विचार आला तो हा, की हे अक्काला सांगायला पाहिजे. फोन तुझ्याकडे नव्हता. चिठ्ठी लिहिता आली असती. मी लिहिली नाही, कारण त्या चिठ्ठीत पिल्लांचंही काहीतरी लिहावं लागलं असतं.

माझा प्रबंध त्यावर उभा आहे. नोकरी त्यावर, नाव त्यावर. सुरुवातीला दोन पानं आभार आहेत. सरांचे, मैत्रिणींचे, काचसामान धुणाऱ्या मामांचे. अंड्यांबद्दल आत कुठेतरी एक ओळ आहे, ‘अंडी स्थानिक पुरवठादाराकडून मिळवली.’ बाईंडिंग केलेली प्रत मी तुला दिली तेव्हा तू हात धुऊन, पुसून ती घेतलीस, हळदकुंकू वाहिलंस आणि माझ्या नावातल्या ‘श’वरून बोट फिरवलंस. इंग्रजी असती तर बरं झालं असतं. तुला ती ओळ वाचता आली नसती. पण मी हौसेनं मराठीतून लिहिली होती, आणि तू वाचायला शिकलेली होतीस. वाचलीस का गं? कधी बोलली नाहीस.

आपली शेवटची वादावादी तर अर्धीच राहिली. तीन वर्षांपूर्वी मी दिवाळीला आले होते. तू आता जरा निवांत होतीस, कोंबड्याही चारच उरल्या होत्या. तू विचारलंस, ‘‘ते कानाचं अजून चालूच हाय का तुझं?’’ मी उत्साहात सांगायला लागले, की आता आणखी पुढचं कळलं आहे. एक पेशी तुटून दोन होतात तेव्हा ग्राहींची वाटणी सारखी होईलच असं नाही. एकीकडे जास्त जातात, दुसरीकडे कमी. जिला जास्त मिळाले ती घटकाचं ऐकते, वेगळ्या वाटेनं जाते. दुसरीचं आयुष्य निराळं होतं.

तू लसूण सोलत होतीस. मान वर न करता म्हणालीस, ‘‘एका आईच्या दोघी. अन्‌ वाटणी अशी.’’

‘‘अगं, ते कुणी ठरवत नाही.’’

‘‘ठरवत न्हाई कसं? कुणीतरी कुणाच्या कडंवर बसलंच आसंल ना. कमी मिळालेली काय करती मंग?’’

‘‘तीही मेंदूच घडवते. दुसऱ्या कामाला लागते.’’

‘‘व्हय,’’ तू म्हणालीस. ‘‘कामाला तर लागतीच.’’

मी म्हणाले, तू उगाच मनाला लावून घेतेस, हे पेशींचं आहे. तू हसलीस. ‘‘मी कुठं काय म्हणून राह्यले? इचारलं फक्त.’’ इतक्यात कुणीतरी आलं आणि विषय तिथंच राहिला. मला तेव्हा एवढंच म्हणायचं होतं, की अक्का, तुझी आठवी माझ्याकडे आहे, ती मी परत करू शकत नाही, पण ती तुझी आहे हे मला माहीत आहे. शब्द तोंडाशी आले होते. तू लसणाची सालं झाडून उठलीस.

आता सुनीताचं सांगते.

ती डब्यातली जुनी सरकी अंगणात ओतत होती. मी म्हणाले, ‘‘या डब्यावरून मी तुझ्या आईला फार बोलले होते गं. तिला वाटायचं, अंडी गारठली तर पिल्लं निघणार नाहीत.’’

सुनीतानं माझ्याकडे नवल करून बघितलं. ‘‘न्हाई वो मावशी. आईला तर ठाव होतं की पिल्लं निघत न्हाईत. पहिल्याच बारीला बाबा डबा घेऊन आल्ते ना तुमच्याकडं, तवा तिथल्या मामांनी त्यांना सगळं दाखवलं. बाबांनी घरी येऊन सांगितलं. आईनं ते ऐकून घेतलं. मंग म्हणली, शकूला कळू देऊ नका आपल्याला ठाव हाय म्हणून, ती अंडी मागायची बंद करील, तिचं शिकणं मोडंल. अन्‌ पुढच्या डब्याच्या अंड्यांवर लंगडीला उचलून बसवली. मी इचारलं, कशाला गं? तर म्हणली, जगायची तर न्हाईतच. एक दिस तरी आईखाली ऱ्हाऊ दे.’’

डबा तिनं फडक्यानं पुसला आणि माझ्या हातात दिला.

म्हणजे तुला माहीत होतं. तरी तू दर आठवड्याला विचारत होतीस, की किती निघाली. मी लिहीत होते, चार, पाच, एक कवडीच्या रंगाचं. तू ते वाचत होतीस आणि पिल्लांना कन्या घाल म्हणून लिहीत होतीस, मला ओशाळं वाटू नये म्हणून. मी परसात उभी राहून तुझी सातवी काढली, तेव्हाही एका शब्दात माझं तोंड बंद करता आलं असतं तुला. तू ‘बरं’ म्हणालीस.

मला जे सापडलं ते त्या एका दिवसामुळे सापडलं, अक्का. मी त्याला चूक म्हणत आले. वर्गात सांगताना ‘आमच्याकडून झालेली एक गफलत’ असं म्हणायचे, आणि पोरं हसायची.

आज सकाळी बाजारातून सरकी आणली. डब्यात भरली. तुझ्यासारखी उन्हात तापवून घेतली आधी. मग चिठ्ठी लिहिली, पेनानं नाही, कोळशानं. ‘श’ अजूनही तुझ्यासारखा जमत नाही.

‘अक्का, तांबडीची पाच आणि कवडीची सात पोचली. सगळी गरम होती. एकही पिल्लू निघालं नाही, कधीच निघालं नव्हतं. तुझी शकू.’